तोंडातले रबरी बूच

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पडद्यावर जी चित्रे पळतात, ती भराभर काढणे हे माझे काम. ते मी आयुष्यभर इमानेइतबारे केले, मधले काही महिने सोडून. त्या काळात मी काडीचे काम केले नाही आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. तीच हकिकत आज सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या लोकांनी तोंडाला मास्क बांधून मला इतके जपून हाताळले की मला वाटले, आपण कोणीतरी मोठे आहोत. पहिली नोकरी मिळाली ती घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात. तिथे मी अजून न बांधलेल्या घरांना खिडक्या लावल्या, जिने चढवले, दारात झाडेही उभी केली. "काय झकास कार्ड आहे!" असे साहेब आल्यागेल्याला सांगत. मग एक दिवस नवे कार्ड आले आणि साहेबांनी मला दुकानात विकून टाकले. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय!

दुकानदाराने मला झाडले, पुसले. माझ्या मागच्या बाजूला केबल लावायच्या जागा आहेत, त्यांना मी माझी तोंडे म्हणतो. नव्यासारखे दिसावे म्हणून त्याने त्या तोंडांत काळी रबरी बुचे बसवली. हीच बुचे पुढे माझ्या मुळावर आली.

त्या दुकानात एकदा एक कुटुंब आले. पुढे ताई होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि पगारातून साठवून गेम खेळायला संगणक घेणार होती. मागे तिची धाकटी बहीण, आणि सर्वांत मागे, हात पाठीशी बांधून, बाबा. पैसे बेताचेच होते. एक वस्तू चांगली घेतली की दुसरीवर पाणी सोडावे लागे.

"ताई, संगणकाचा हा डबा घे ना! बघ, कसले रंगीत दिवे आहेत!" धाकटी म्हणाली.

"दिव्यांनी गेम पळत नाही गं," ताई म्हणाली. "डबा साधा घेऊ, आणि उरलेले पैसे कार्डात घालू."

"मॉनिटर कशाला पण? घरी टीव्ही आहे की," बाबा म्हणाले.

"चालेल. मग तुमच्या बातम्या बंद."

बाबांनी मॉनिटर ताबडतोब मंजूर केला. पण दुकानदाराने मला पुढे करताच ते पुन्हा अडले. "वापरलेलं? दुसऱ्यानं टाकलेलं आपण उचलायचं?"

"बाबा, माझ्या शब्दावर घ्या. गेम कसा सुळसुळ पळतो बघा. नाही पळाला, तर घरातली पुढची प्रत्येक वस्तू तुमच्या पसंतीची."

ही काही साधीसुधी पैज नव्हती. बाबांच्या पसंतीचा एक पंखा त्या घरात होता, तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देई. परक्या मुलीने माझ्यासाठी एवढी जोखीम घ्यावी, हे ऐकून मला अगदी भरून आले.

घरी येऊन ताईने सगळे भाग मन लावून जोडले. शेवटी मॉनिटरची केबल लावायची राहिली. माझ्या तोंडात बूच. माझ्या वरच, सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मदरबोर्ड नावाच्या पाटीवर, तशीच एक जागा मोकळी दिसली. ताईने केबल तिथे खुपसली आणि माझी नोकरी सुरू होण्याआधीच गेली. चित्रे काढायचे काम पडले प्रोसेसरच्या गळ्यात. तो बिचारा हिशोबात हुशार, पण चित्रकलेत यथातथाच.

गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू झाला. गाडी जराशी पुढे जाई, थांबे, विचार करी आणि पुन्हा निघे.

"ताई, मी चालत गेले तरी आधी पोचेन," धाकटी म्हणाली. मग तिने डब्यात डोकावून पाहिले. "अगं, ह्याचे पंखेसुद्धा फिरत नाहीयेत. गेलंय हे!"

पंखे फिरायला अंग तापावे लागते आणि अंग तापायला काम लागते. हे मला ओरडून सांगायचे होते, पण बोलणार कोणत्या तोंडाने?

ताईने गेमला हलके करून पाहिले. आधी झाडे काढली, मग ढग, मग प्रेक्षक. शेवटी नुसता रस्ता उरला, तरी गाडी अडखळतच होती. "मी म्हणालो नव्हतो?" हे वाक्य बाबा जेवताना रोज वाढून घेऊ लागले. त्यांनी पैज वसूलही केली. स्वतःच्या पसंतीची एक खुर्ची आणली. बसले की ती मागे कलंडे. ताई निमूटपणे तिच्यावर बसे, एका हाताने टेबल घट्ट धरून.

"चुकलंच माझं," एक दिवस ती म्हणाली. "रविवारी विकून टाकू ते कार्ड." मला फार वाईट वाटले, माझ्यापेक्षा तिच्यासाठी.

रविवारी सकाळी आई फडके घेऊन आली. "विकायचंय म्हणून काय असं घाणेरडं द्यायचं? लोक काय म्हणतील?" तिने बटण बंद केले, सगळ्या केबली उपटल्या आणि मला खसाखसा पुसले. "अगंबाई, इथे च्युइंगम कोणी चिकटवलं?" असे म्हणत तिने माझी बुचे ओढून काढली. मग केबली जिथे बसतील तिथे बसवल्या. मॉनिटरची बसली माझ्या तोंडात.

ताईने शेवटची एक शर्यत खेळायला घेतली. माझे पंखे गरगर फिरले आणि गाडी जी सुटली! ताई उडालीच. तिने झाडे परत आणली, ढग आणले, प्रेक्षक बसवले. गाडी काही थांबेना.

"धूळ हो, दुसरं काय!" आई म्हणाली.

"तरी मी म्हणत होतो," बाबा म्हणाले. ते काय म्हणत होते, हे कोणी विचारले नाही.

ताईने वाकून मागे पाहिले. आधी केबल पाहिली, मग आईच्या तळहातावरची बुचे. तिने जीभ चावली.

"हो आई, धूळच होती," ती म्हणाली, आणि कोणाचे लक्ष नाही असे बघून तिने मला हळूच थोपटले.

त्या रविवारी विकली गेली ती खुर्ची.

मित्रांनो, आई आता दर रविवारी मला पुसते. तुम्हीही तुमच्या यंत्रांना पुसत जा, त्यांना बरे वाटते. पण कोणाला बिनकामाचा म्हणण्याआधी एकदा वाकून मागे बघा. आपण त्याला काम दिले आहे ना? की त्याच्या तोंडात बूच तसेच आहे?