कालिंदीबाईंच्या यादीतली दहा नावं

खोटं बोलेन तर जीभ झडो माझी! ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय, पाहिजे तर औरंगपुऱ्यात जाऊन इचारा.

आता कानाचं मशीन शेंगदाण्याएवढं आलंय. पण कालिंदीबाईंचा जीव अजून त्या जुन्या डबीतच अडकलाय. डबी पोलक्याला लावायची, वायर कानात. तवा औरंगपुऱ्यात टांगे थांबायचे, अन् कापडाच्या दुकानावरच्या खोलीत कालिंदी नवी नवी लोकांचे कान तपासायला बसली होती.

एक दिवस पाचोडहून भागूबाई आली. सात वर्षं कान गेलेले. नवरा फकिरा बाहेर बाकावर बसला. वरडून वरडून थकला, तसं त्यानं बोलणंच सोडलं होतं.

"घरात माणूस हाय का नाय, तेच कळंना बाई मला," भागूबाई म्हणाली.

कालिंदीनं डबी लावली. पुस्तकातले शब्द खेड्यातल्या बायांना परके वाटतात, म्हणून तिनं दहा ओळखीच्या नावांची यादी केली होती. तोंडापुढं पुठ्ठा धरून ती एकेक नाव म्हणायची, समोरच्यानं तेच परत म्हणायचं. आठ तरी आली, तर मशीन कामाचं.

"सरूबाई."

"सरूबाई!" भागूबाई हरखली.

"रामकिसन."

गप्प.

"कारभारी."

गप्प. आवाज वाढवला, तरी गप्प. दहातली सहा नावं गेली. 'उपयोग नाही' लिहायला कालिंदीनं पेन उचललं, अन् तिची नजर समोर गेली. दर गप्प नावाला भागूबाईचा पदर बोटभर पुढं सरकला होता. आता पार नाकापाशी आला होता.

"मावशी, ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय की, लई चांगलं येतंय! पर तू माझ्या सासऱ्याचं नाव घेतलं, तिन्ही थोरल्या दिरांचं घेतलं, चुलतसासऱ्याला बी सोडलं नाय. अन् ते," तिनं दाराकडं हनुवटी केली, "ते तर हितंच बसल्यात! त्यांचं नाव घिऊ व्हय मी?"

कालिंदीला हसू आवरेना. तिनं बाहेर जाऊन फकिराला सांगितलं, "काका, इथूनच हाक मारा. पण हळू."

फकिरा लाजला, खाकरला अन् पुटपुटल्यागत म्हणाला, "अगं ए, पाचोडची गाडी जाईल."

"आले की! वरडता कशाला? मी काय बहिरी हाय?"

फकिरा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत तिथंच बसला. त्या दिवशी पाचोडची गाडी दोघांनी खुशाल जाऊ दिली. अजून बी कुणाला मशीन लावलं, की कालिंदीबाई आधी घरच्या माणसाला दाराबाहेर धाडतात अन् हळू हाक मारायला लावतात.

बरं, एक कबूल करते. भागूबाईला थोरला दीर एकच होता. बाकीचे दोन मीच जन्माला घातले.