पाण्याचा पंप नव्हे

आधी एक गैरसमज दूर करतो. माझ्या खोक्यावर 'पाण्याचा पंप, बाद' असं लिहिलं होतं, पण पाण्याशी माझा काडीचाही संबंध नाही. मी जुन्या मोटारीचं कापडी छप्पर उघडणारा पंप बोलतोय. बटण दाबलं की मी तेल ढकलायचो, दोन्ही बाजूंचे दट्टे सरकायचे आणि छप्पर घडी होऊन मागे बसायचं. रस्त्यावरची माणसं आ वासून बघत राहायची. आभाळ तर रोजचंच, मग ते असं उघडताना बघण्यात एवढं काय असतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

माझे मालक मोटार मेकॅनिक. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचे, म्हणून लोक त्यांना डॉक्टर म्हणत. अशा माणसाच्या हातून एकदा चूक झाली. मला लागतं ब्रेकचं तेल, त्यांनी घाईत गिअरबॉक्सचं लाल तेल ओतलं. माझी रबरं फुगली, मी घुसमटलो आणि छप्पर अर्ध्यावर अडकलं. मालकांनी बोट बुडवून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. नवशिक्याने असं केलं असतं, तर त्यांनी त्याचा कान पिळला असता. त्यांनी गुपचूप मला काढलं, खोक्यात घातलं, वर खोटं नाव लिहिलं आणि माळ्यावर टाकलं. घरात सांगितलं, "पंप जळला. फेकून दिला."

वीस वर्षं गेली. मालकांची नजर अधू झाली, गाडी मुलीकडे आली. ती सीटची कुशनं शिवणारी. छप्पर तिने स्वतः शिवलं, दट्टे लेथवर नवे करून घेतले. घोडं अडलं ते माझ्यापाशी. तिने सगळे जुने बाजार पालथे घातले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी माळ्यावरून सगळं ऐकत होतो, पण माझं ऐकणार कोण?

शेवटी ती कंटाळली. "बाबा, उद्या ते जुन्या गाड्यांचे संग्राहक येतायत. देऊन टाकते गाडी. पंपाशिवाय तिचं काय लोणचं घालायचंय?"

दुसऱ्या दिवशी ती संग्राहकांसमोर विक्रीच्या कागदावर सही करायला बसली, तेव्हा बाबा म्हणाले, "थांब. माळ्यावरचा पाण्याचा पंप आण."

"आत्ता? तो कशाला?"

"तो पाण्याचा नाही." मग त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. "लाज वाटली गं. डॉक्टर ना मी!"

"बाबा, दोन वर्षं वणवण करतेय मी!"

"हो. रोज ऐकत होतो."

संग्राहकांनी मला भिंगाखाली धरलं. "अहो, पेचांवरचा कारखान्यातला रंगसुद्धा फुटलेला नाही! ताई, हा उघडू नका, किंमत निम्म्यावर येईल. मला द्या, काचेच्या कपाटात ठेवतो."

म्हणजे पुन्हा खोकाच, फक्त काचेचा.

मुलीने सहीचा कागद बाजूला सारला. मग तिने पेचकस बाबांच्या हातात दिला. "तुमचं दुखणं, तुम्हीच उघडा."

बोटांनी चाचपत त्यांनी एकेक पेच सोडवला. चार दिवसांनी नवी रबरं बसली. तेलाची बाटली उघडून तिने आधी त्यांच्या नाकाशी धरली. "वास घेऊन सांगा."

"ब्रेकचंच," ते म्हणाले आणि दोघंही हसली.

बटण दाबलं. मी घरघरलो, थबकलो, पुन्हा जोर लावला.

"उघडलं का गं?" बाबांनी विचारलं.

"तोंडावर काय लागतंय?"

"ऊन," ते म्हणाले आणि मान वर करून तसेच बसून राहिले.

आता मी थकलोय, पण चालतोय. खोक्यावरचं नाव बाबांनी स्वतःच खोडलं. तुमच्याही माळ्यावर असा एखादा खोका असेल. त्यावरचं अक्षर कुणाचं ते आठवा, आणि ते माणूस उत्तर द्यायला आहे तोवर विचारून घ्या, आत खरं काय आहे ते.