वेनताईंची बटणं

"माझ्या जागेवर कोण बसलं होतं?" वेनताईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"मी, ताई," फान यीजुन म्हणाली. ती लॅबमध्ये नवीन. "माझा कॉम्प्युटर सकाळी चालूच होईना. तुम्ही बोट दाखवायला वर हाडांच्या डॉक्टरांकडे गेला होतात."

"किती स्लाइडी मोजल्यास?"

"अकरा."

"आणि एकीत कच्च्या पेशी दिसल्या म्हणतेस."

"दिसल्या ना. चार-पाच वेळा बटण दाबलं. पण शेवटी स्क्रीनवर शून्य! मला वाटलं, माझंच चुकलं."

"कुठल्या पेशंटची स्लाइड?"

यीजुन रडायला लागली. अकरांपैकी कुठली, ते तिला आठवत नव्हतं. अकराही रिपोर्ट वॉर्डात पोचले होते. रक्तात कच्च्या पेशी म्हणजे बहुतेक वेळा रक्ताचा कॅन्सर, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी जेवणाचा डबा हातात धरून दारात उभा होतो, आणि मला तो खाली ठेवायचंही सुचेना.

हे काम असं असतं : डोळे मायक्रोस्कोपमध्ये, बोटं बटणांवर. प्रत्येक जातीच्या पांढऱ्या पेशीला एक बटण. शंभर झाल्या की घंटी. मोजताना स्क्रीनकडे कोणी बघत नाही. वेनताईंनी एकतीस वर्षं हेच केलं, तेही लोखंडी यंत्रावर. ते बंद पडलं, सुटे भाग कुठे मिळेनात, तेव्हा मी त्याच्या जागी ब्राउझरमध्ये चालणारं एक पान जावास्क्रिप्टमध्ये लिहून दिलं. मी इथला करारावरचा प्रोग्रॅमर, चिएन होंगमिंग. जुन्या यंत्राची टिंग मी आधी रेकॉर्ड करून ठेवली होती, खास ताईंसाठी. बाकीच्यांना साधी पीप.

पहिल्या आठवड्यात पान मुकंच व्हायचं. पेशंटचं नाव आम्ही आमच्या लिपीत टाइप करतो आणि कीबोर्ड इंग्रजीत परत आणायला विसरतो. मग मी पानाला बटणावरचं अक्षर बघणं सोडायला लावलं आणि बटण कीबोर्डवर कुठे आहे तेवढंच बघायला लावलं. चाललं! दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो.

नंतर ताईंच्या उजव्या हाताचं मधलं बोट आखडायला लागलं. "चिएन, हे बोट हल्ली माझं ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "त्याचं काम शेजारच्याला देता येईल का रे?"

का नाही येणार? ज्याला जे बटण हवं ते त्याने निवडावं, अशी सोय मी केली. मधल्या बोटाखालच्या 'के'वर लिम्फोसाइट, म्हणजे नेहमीच्या पांढऱ्या पेशींतली एक जात, असायचे. ताईंनी ते 'एल'वर घेतले, आणि 'एल'वरच्या कच्च्या पेशी करंगळीखाली सरकवल्या. सवय लागेपर्यंत असू दे म्हणून जुनं 'के'सुद्धा मी चालू ठेवलं. आणि ही सगळी निवड मी त्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येच साठवली, माणसाच्या नावावर नाही. एका ओळीत काम होत होतं. मला एक ओळ पुरेशी वाटली.

म्हणजे यीजुन तिथे बसली तेव्हा तिचं 'के' बरोबर चाललं. कच्च्या पेशीसाठी तिने 'एल' दाबलं, तेव्हा मात्र निमूटपणे एक लिम्फोसाइट वाढला. दहा रिपोर्ट बरोबर होते आणि एक खोटा. कॉम्प्युटरने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर आम्ही मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतो, हा आमच्याकडचा तोडगा; मुदत संपली की त्याचा गुण जातो म्हणतात. लाज वाटते सांगायला, पण मी आधी त्या पाकिटाची तारीख बघितली. मुदत संपायला अजून चार महिने होते.

"डबा ठेव आणि बस," ताई म्हणाल्या. "यीजुन, नाक पूस. स्लाइडी आण."

त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि कागद-पेन्सिल घेतली. एकेका पेशीला एक रेघ, पाच रेघा झाल्या की आमच्या लिपीतलं एक अक्षर पुरं, शाळेत वर्गप्रमुखाची मतं मोजतात तसं. आखडलेलं बोट बाहेर काढून त्या पेन्सिल धरत होत्या. पहिली स्लाइड झाली, दुसरी झाली. मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला, तो तसाच राहिला. सातव्या स्लाइडला पेन्सिल थांबली.

"बघ," त्या यीजुनला म्हणाल्या. "तुझे डोळे बरोबर होते. पुन्हा कधी स्क्रीनचं ऐकू नकोस."

सहा वर्षांची मुलगी होती. ताप उतरला म्हणून दुपारीच घरी सोडलेली. वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलून ताईंनी तिच्या आईला स्वतःच फोन लावला. "घाबरू नका बाई, पण परत या. हो, आजच. भात पुढ्यात असेल तर खाऊन या, पण या."

ती आली. मुलीवर उपचार सुरू झाले.

संध्याकाळी चूक नोंदवायचा फॉर्म भरायचा होता. 'कारण' या रकान्यापाशी माझं पेन अडलं. ताईंनी फॉर्म ओढून घेतला आणि लिहिलं : माझी बटणं मी सामायिक कॉम्प्युटरवर तशीच ठेवली. खाली सही केली.

"ताई, चूक माझी आहे."

"तुझ्या कराराचं पुढच्या महिन्यात ठरतंय ना? मी चार महिन्यांत निवृत्त होतेय. मला काय करणारेत?"

मी तो फॉर्म तसाच नेऊन दिला. हे सांगताना मला माझी चीड येते, पण दिला.

केलं मात्र वरच्या साहेबांनी. ताईंना मायक्रोस्कोपवरून काढलं. शेवटचे चार महिने त्या खालच्या खिडकीत रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवत होत्या. माझा करार वाढला. मी रोज त्या खिडकीसमोरून जायचो. त्या विचारायच्या, "जेवलास का?"

आता प्रत्येकाची बटणं त्याच्या नावावर साठतात आणि जुनं बटण आपोआप सुटतं. परवा साहेब म्हणाले, गेलेल्या लोकांची नावं यादीतून काढा. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर बसून मी एकेक काढत गेलो आणि वेन सूचेन या नावाशी थांबलो. तक्ता उघडला. 'एल'वर लिम्फोसाइट, करंगळीखाली कच्च्या पेशी, 'के' रिकामं.

मी मधलं बोट उचलून धरलं आणि उगाच मोजायला लागलो. पुढ्यात स्लाइड नव्हती. तसंच अवघडत, सावकाश शंभरापर्यंत गेलो.

ताईंची टिंग झाली. यीजुनने मायक्रोस्कोपमधून डोळे काढले आणि गर्रकन वळून दाराकडे बघितलं.