पाचव्या मजल्यावरचा झरा

त्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीतल्या बोगोमिलच्या काचबंद बाल्कनीत अकरा माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि कोणी खोकतही नव्हतं. मधोमध हरालाम्पी पाणाड्या. त्याच्या उजव्या हातातला पितळी लोलक बरण्यांच्या कपाटावर आला, थबकला आणि गरागरा फिरू लागला.

“इमारतीच्या पायाखाली झरा आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “काळं पाणी. त्याची लहर भिंतीतून वर चढते. माणूस सोसतो, यंत्राला सोसवत नाही.”

पाचव्या मजल्यापर्यंत चढणारं पाणी! आमच्या नळाला तेवढा जोर कधी आला नव्हता. पण हसलं कोणीच नाही.

कपाटावरचं यंत्र म्हणजे बोगोमिलचा सर्व्हर. दिसायला एक काळा डबा, पण आत पाच आभासी संगणक गुण्यागोविंदानं नांदत. एक इमारतीच्या दाराचा कॅमेरा सांभाळी, एकात आमच्या गायकवृंदाची सगळी ध्वनिमुद्रणं होती. महिनाभर त्याचं नेटवर्क मधूनच तुटत होतं. हरालाम्पीनं कपाट वीतभर सरकवलं, डब्यावर तांब्याचा छोटा पिरॅमिड ठेवला आणि केबलच्या तोंडाशी हिरवा दिवा लागला. लागला तो लागलाच. बोगोमिलनं त्याला मिठी मारली. घरी गाळलेली राकिया, म्हणजे फळांची दारू आली, चीज भरलेला खुसखुशीत पापुद्र्यांचा बानित्सा आला.

मी दारात उभी होते. मी नेव्हेना, बल्गेरियातल्या प्लेवेन शहरात तंत्रशाळेत नेटवर्क शिकवते. त्याच यंत्रापुढे मी तीन शनिवार-रविवार बसले होते. आतल्या संगणकांना बाहेर जोडणारा पूल तपासला, पत्ते तपासले, नेटवर्क कार्डाची प्रणाली दोनदा नव्यानं घातली. तेव्हा मला साधी कॉफी मिळाली होती. आता बोगोमिल माझ्याकडे वळून म्हणाला, “तू वाईट वाटून घेऊ नकोस. हे पुस्तकातलं नाही.”

वाईट नाही, मला आग लागली होती. जिन्यात, लिफ्टमध्ये, पाववाल्याकडे, सगळीकडे हरालाम्पीचंच नाव. गायकवृंदाच्या बायका त्याला घर दाखवायला नेऊ लागल्या. बोगोमिलनं त्या सकाळचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते मी पुन्हा पुन्हा पाहत बसे. लोक त्याच्याकडे कसे बघतात, तेच बघायचं होतं मला.

कितव्यांदा कोण जाणे, माझी नजर त्याच्या डाव्या हातावर गेली. सगळे लोलकाकडे पाहत असताना त्या हातानं कपाटाच्या पायाखालून केबल ओढून काढली होती. मग दोन बोटं तिच्यावरून फिरवली, दबलेल्या जागी थांबवली आणि चिमटीत धरून ती सरळ केली. वायरींवर आयुष्य काढलेल्या माणसाचीच बोटं अशी फिरतात.

आणि ती केबल मीच टाकलेली होती. ‘आधी वायर बघा,’ असं वर्गात दरवर्षी सांगणाऱ्या मी, स्वतःच्या हातची म्हणून तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात समोरच्या त्स्वेताना आजींची सून जिन्यात रडताना भेटली. झरा आजींच्या पलंगाखालूनही जातो, म्हणून त्यांचं हृदय ठोके चुकवतं, असं हरालाम्पीनं सांगितलं होतं. उशाशी पिरॅमिड ठेवला होता. तांबं आणि गोळ्या एकमेकांशी भांडतात, असंही तोच म्हणाला, म्हणून आजींनी गोळ्या थांबवल्या होत्या; सून विनवून थकली, पण त्या डॉक्टरांनाही बोलावू देत नव्हत्या. पाय सुजले होते, दोन पावलांत धाप लागत होती. खोटं कशाला सांगू, ते ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता हा सापडला. आजींची काळजी त्यानंतर आली. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्याच रविवारी मी सगळ्यांना बाल्कनीत बोलावलं. आजींना खुर्ची दिली. हरालाम्पीही आला, आमंत्रणानं खूश होऊन.

मी पिरॅमिड काढला आणि कपाट मूळ जागी, पाय केबलवर येईल असं सरकवलं. दिवा विझला. “बघा,” हरालाम्पी म्हणाला. माणसांनी माना डोलावल्या.

मग कपाटाला हात न लावता मी जुनी केबल काढून नवी वरून जोडली. दिवा लागला. झऱ्याच्या डोक्यावर, पिरॅमिडशिवाय, चांगला अर्धा तास तो तेवत राहिला. नंतर कपाट पुन्हा हरालाम्पीनं सरकवलं होतं त्या जागी नेलं, पिरॅमिड डब्यावर ठेवला, जुनी केबल लावली. दिवा लागला. मी दबलेल्या जागी चिमटीत धरलं. विझला. सोडलं, लागला. बोगोमिलनं स्वतः तीनदा करून पाहिलं आणि तो खाली बसला.

मी चित्रण दाखवलं. डावा हात सगळ्यांनी पाहिला.

“काका, आधी काय करायचात तुम्ही?” मी विचारलं.

तो म्हणाला, “टेलिफोनच्या लाइनवर होतो. सव्वीस वर्षं. वायर जोडून निघालो की मागं दार लागायचं. पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. लोलक घेतला, तेव्हा लोक खुर्ची देऊ लागले.”

“आणि माझं हृदय?” आजींनी विचारलं.

त्यानं खाली पाहिलं. “गोळ्या घ्या, आजी. हृदयातलं मला काही कळत नाही.”

सुनेनं तिथेच डॉक्टरांना फोन लावला. आजी आठ दिवस दवाखान्यात राहून परतल्या.

आता वर्गात मी हे सगळं सांगते, माझी चूकसुद्धा. जागा, पिरॅमिड आणि केबल असं तिन्ही एकदम बदललं, तर गुण कशाचा हे कोणालाच कळणार नाही, आणि मग जो मोठ्यानं बोलेल त्याचं खरं ठरेल. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग बघा. यंत्रापुढेही आणि रोग्याच्या उशाशीही. एवढं सांगून झाल्यावरही हरालाम्पीची बोटं आठवतात आणि मला त्याचा हेवा वाटतो. मला तीन आठवडे सापडलं नाही ते त्याला हात लावताच सापडलं होतं. खरं होतं ते त्यानं लपवलं आणि खोटं होतं ते दाखवलं, कारण आम्ही टाळ्या खोट्यालाच वाजवत होतो.