मधल्या खणातलं पाणी

तुलारामजींनी बॅटरी ऑटोतून दुकानात आणली, गोणपाटात गुंडाळून, आजारी वासरू आणावं तशी. भाऊबीज होऊन गेली होती आणि आसगावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आठ दिवसांवर आली होती.

"चंद्रकलाबाई, मंडईत जीप सेल्फवर चालू झाली पायजे," बॅटरी खाली ठेवायच्या आधीच ते म्हणाले. "नाही त कुलदीप विकून टाकते."

जीप त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेली, सहा व्होल्टची. मंडईच्या दिवशी दंडार हे लोकनाट्य करणारी मंडळी तिच्यात बसून गावभर फिरतात. मागच्या वर्षी ती भर चौकात बंद पडली. तोंडाला रंग लावलेल्या पोरांनी उतरून ढकलली, आणि लोक "बैल जुपा रे, बैल जुपा!" म्हणून ओरडत राहिले. कुलदीप, म्हणजे तुलारामजींचा मुलगा, तो दिवस विसरला नाही. नऊ वर्षांत या जीपने चार बॅटऱ्या खाल्ल्या, ही पाचवी, असं त्याचं म्हणणं. मंडईच्या दुसऱ्या दिवशी नागपूरचा एक माणूस जीप पाहायला येणार होता.

पवनीतलं हे बॅटरीचं दुकान माझ्या नवऱ्याचं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. आता दुकान मी पाहते, आणि शाळा सुटली की शेजारची गुंजन आणि मोनू येऊन बसतात. जमिनीवर खडूची रेघ आहे. बॅटरीची बुचं उघडी असताना मी चष्मा घालून रेघेच्या आत, मुलं बाहेर.

"या बॅटरीत तीन खण आहेत," मी त्यांना सांगितलं. "एकेक खण दोन व्होल्टचा. तिघांना वेगवेगळं विचारायचं. एकाने दुसऱ्याचं उत्तर द्यायचं नाही."

हायड्रोमीटर म्हणजे काचेची नळी आणि आत तरंगणारी एक काडी. खणातलं ॲसिड नळीत ओढून घ्यायचं. बॅटरी भरलेली असली की ॲसिड दाट असतं आणि काडी वर उचलली जाते, उतरलेली असली की काडी खाली बसते. मी नळी धरून काडीवरचा आकडा वाचला आणि गुंजनने वहीत लिहिला. तिन्ही खण अकराशेच्या आसपास, म्हणजे बॅटरी पार रिकामी.

मी चार अँपिअरवर चार्जिंगला लावली. घाई केली तर प्लेटा तापतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिन्ही खण साडेबाराशेला पोचले. तुलारामजी ऑटो घेऊन दारात हजर.

"आज देणार नाही," मी म्हटलं.

"काहून? भरली ना?"

"भरली. आता टिकते का, ते पाहायचं. दोन दिवस नुसती ठेवू."

"आजी, परीक्षा पास झाल्यावर परत परीक्षा?" मोनू म्हणाला. "आमच्या सरले सांगू नका बरं हे."

दोन दिवसांनी बुचं उघडली. पहिला खण साडेबाराशे, तिसराही जवळपास तेवढाच. मधला साडेअकराशे. गुंजनने पेन्सिल उचललीच नाही.

"आजी, तुम्ही चुकीचं वाचलं असाल."

मी पुन्हा वाचला, मग तिसऱ्यांदा. तोच आकडा.

"लिही बाई," मी म्हटलं. "आवडला नाही म्हणून आकडा सोडायचा नसतो."

शेजारचे दोन्ही खण ठणठणीत आणि एकटा मधला आपोआप उतरतो, तर त्याच्यात काहीतरी गेलेलं असणार. तुलारामजी बाकावर बसले होते. मी त्यांना विचारलं, "मधल्या खणात काय टाकलं?"

त्यांनी आधी मुलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"नदीचं पाणी. दसऱ्याले, वाटीभर."

त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलं. तिथे असताना दसऱ्याला जीप वैनगंगेच्या घाटावर नेऊन धुवायचे. गाव गेलं, घाटही गेला. तेव्हापासून ते दसऱ्याला एकटेच मासेमार ढिवरांच्या डोंग्यात बसतात, बुडालेल्या आपल्या गावावर पोचले की पाण्यातून तांब्या भरतात आणि घेऊन येतात.

"बोनेटवर टाकलं त वाळून जाते बाई. आतमधी टाकलं त सालभर राह्यते. बॅटरीले पाणी लागतेच ना?"

"पण मधल्यातच काहून?" मोनूने विचारलं.

"देव मधातच बसवतेत ना बापू."

मोनूला हसू आलं. गुंजनने त्याला कोपर मारलं.

मी सावकाश सांगितलं. नदीच्या पाण्यात क्षार असतात, थोडं लोहही असतं. धानाला ते चालतं, माणसालाही चालतं. बॅटरीत मात्र ते चार्ज आतल्या आत संपवत राहतं. म्हणून बॅटरीत डिस्टिल वॉटरच टाकायचं. आणि दर दसऱ्याला एक वाटी म्हणजे काही थोडं नाही.

"म्हंजे त्या चारही मीच मारल्या," तुलारामजी म्हणाले. गोणपाटाची घडी घातली. मग म्हणाले, "कुलदीपले सांगू नका."

"मी नाही सांगणार. पण तो जीपले दोष देऊन राहिला, एवढं ध्यानात ठेवा."

मधल्या खणातलं ॲसिड मी ओढून काढलं. खण डिस्टिल वॉटरने दोनदा विसळला. निघालेल्या ॲसिडच्या पाण्यात सोडा टाकून त्याचा जोर मारला. सोडा फसफसला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग योग्य दाटपणाचं ॲसिड भरून पुन्हा चार्जिंग, पुन्हा दोन दिवस मुक्काम. या वेळी मधला खण बाराशे चाळीसवर थांबला. गुंजनने तो आकडा न सांगता लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मंडईला मी मुलांना घेऊन आसगावला गेले. तुलारामजींनी बटण दाबलं आणि जीप पहिल्याच फटक्यात चालू झाली. कोणीतरी सवयीने "बैल जु..." म्हणून सुरुवात केली आणि गप्प बसला. दंडारीची पोरं भराभर चढली.

कुलदीप चाकाजवळ उभा होता. "आज झाली बाबा. तीन महिन्यानं पुन्हा मरते. तो माणूस उद्या येऊन राहिला, मी त्याले 'नाही' म्हणणार नाही."

तुलारामजींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मागची पोरं ओरडली, "अर्रे मामाजी, चालू गाडी काहून बंद केली!" ते खाली उतरले, मुलाच्या समोर उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं. तांब्या, डोंगा, मधला खण, नऊ दसरे. "गाडी चांगली आहे रे. मीच मारत होतो तिले."

ढोलकीवाल्याने वाजवायला घेतलेला हात खाली आणला.

"नऊ साल," कुलदीप म्हणाला. "अन् मले एकदाही नाही नेलं? माह्यंही गाव नव्हतं का ते?"

"तू म्हणला असता, बुड्ढा येडा झाला."

"म्हणलो असतो. पण आलोही असतो."

तो जीपला वळसा घालून गेला, स्टेअरिंगवर बसला आणि बटण दाबलं. जीप पुन्हा चालू झाली. "बसा आता," तो बापाला म्हणाला, "तिकडून." नागपूरच्या माणसाला त्याने मिरवणुकीतूनच फोन केला, ढोलकीच्या आवाजात त्याला तीनदा ओरडून "नाही" म्हणावं लागलं.

महिन्याभराने कुलदीप बॅटरी घेऊन दुकानात आला. खडूच्या रेघेच्या आत, डोळ्यावर माझा जास्तीचा चष्मा लावून, त्याने हायड्रोमीटर धरला आणि उभ्यानेच वरून पाहू लागला.

"काका, वरून नाही," गुंजन रेघेबाहेरून म्हणाली. "खाली वाका. डोळा काडीच्या बरोबर आणा. हं. आता मधला सांगा."

"बाराशे... पस्तीस."

"नक्की?"

त्याने नळी रिकामी केली, पुन्हा भरली, आणि पुन्हा वाकला.