तांबडीच्या गोठ्यापर्यंत डबलसीट

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. आईची सायकल चालवताय, आणि ती इतकी उंच आहे की सीटवर बसलं तर पाय पॅडलला पुरत नाहीत, म्हणून उभ्यानेच दामटावी लागते. मागे कॅरिअरवर तुमचे आजोबा बसलेत. रात्रीचे साडेआठ वाजलेत. वारा समोरून येतोय. पाऊस म्हणावा तर तो अर्धा बर्फ आहे. गालाला लागतो तेव्हा कुणी मूठभर बाजरी फेकून मारल्यासारखा लागतो. सायकलला पुढे दिवा आहे, पण तो डायनॅमोवरचा. चाक जोरात फिरलं तर दिवा जळतो, चढ लागून चाक मंदावलं की विझतो. म्हणजे नेमकं जिथे दिसायला हवं तिथेच दिसत नाही.

अशा वेळी तुम्ही काय कराल? मनात ठरवून ठेवा. शशीने काय केलं ते मी सांगतो.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तरच्या फेब्रुवारीतली. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरच्या डोंगरांत थॉर्नडेल नावाचं खेडं. दोन्ही बाजूंना दगडांच्या गडग्यांनी आखलेली कुरणं, मधून एक अरुंद रस्ता, आणि वर्षातले आठ महिने चिखल. शशीचे बाबा, श्रीकांत, हे तिथले डॉक्टर. आई अलका शहरातल्या इस्पितळात नर्स, आठवड्यातल्या तीन रात्री तिची ड्यूटी. आणि मागच्या उन्हाळ्यात खटाव तालुक्यातून आलेले आबा, शशीचे आजोबा. आजी गेल्यावर गावात एकटे नकोत म्हणून त्यांना इकडे आणलं होतं.

आणलं खरं, पण आबांना करायला काही नव्हतं. साठ वर्षं गुरांत काढलेला माणूस गरम खोलीत गालिच्यावर बसून खिडकीबाहेर बघायचा. इंग्रजी येत नव्हतं. शेवटी एके दिवशी ते चालत चालत दोन मैलांवरच्या मेटकाफबाईंच्या गोठ्याशी जाऊन उभे राहिले. मेटकाफबाई विधवा, पासष्टीच्या. एकच गाय, थोडी मेंढरं. गाईचं नाव डेझी, पण रंगाने तांबडी, म्हणून आबा तिला तांबडीच म्हणायचे. रोज दुपारी जायचे, शेण काढायचे, तिची पाठ खरवडायचे. बाईंना मराठी येत नव्हतं, आबांना इंग्रजी. दोघांचं कधी भांडण झालं नाही.

शशी शाळा सुटल्यावर त्यांना आणायला जायची, पण गोठ्याच्या दारातच नाक धरून उभी राहायची.

"हात लाव की गं," आबा म्हणायचे. "चावती व्हय ती?"

"नको आबा. ती चिकट आहे. तिचं नाक गळतं."

"तुजं गळत न्हाई का हिवाळ्यात?"

तरी शशीने हात लावला नव्हता. एकदाही नाही.

त्या रात्री आई ड्यूटीवर होती. बाबा न्यूमोनियाच्या एका रोग्याला बघायला मोटार घेऊन गेले होते. टेलिफोन वाजला. शशीने उचलला. पलीकडे मेटकाफबाई. त्यांचं इंग्रजी शाळेतलं नव्हे, त्या डोंगरातलं होतं, तेव्हा मी ते आपल्या गावच्या बोलीतच सांगतो.

"पोरी, तुझं म्हातारं हाय का घरात? गाय लई वंगाळ झालीया. ढोरांचा डागदर पल्याडच्या खोऱ्यात अडकलाय, त्याला यायला दोन तास लागतील. शेजारची गडीमानसं मेंढरं हुडकाया डोंगरावर गेल्याती."

शशीने फोन कानाला धरून ते मराठीत सांगितलं. आबा खुर्चीतून उठले.

"लाळ गळतीया का, इचार."

"हो म्हणतात. दोरीसारखी."

"मान लांब करून उभी हाय?"

"हो."

"डावं पोट फुगलंय?"

"ढोलासारखं, म्हणतात."

"खाल्लं काय तिनं?"

खायला मेटकाफबाईंनी टर्निप घातले होते, आपल्या नवलकोलासारखे कंद. रोज चिरून घालायच्या. आज बोटं सुजली होती, सुरी धरवत नव्हती, म्हणून तसेच टाकले.

"घशात बसलाय," आबा म्हणाले. "वर ढेकर निघंना, म्हून पोट फुगतंय. दोन तास कुठली टिकती ती? बाईला म्हणावं आलोच. सायकल काढ."

"आबा, तुम्हाला सायकल चालवता येत नाही."

"मी कुटं म्हनलो मी चालवतो? तू चालीव. मी मागं बसतो."

आणि खरंच, मुलांनो, आबा जन्मभर सायकलवर बसले होते ते मागेच. बाजाराला, लग्नाला, कोर्टात, नेहमी कुणाच्या तरी कॅरिअरवर, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. सायकल म्हणजे दोन माणसांचं वाहन, असंच त्यांना वाटायचं.

निघाल्यापासून दोघांची कुरबुर चालू झाली. शशी म्हणाली, छत्री मिटा, वारा धरते. आबा म्हणाले, मिटली तर मी भिजतो. छत्री उलटी झाली आणि तो वाद तिथेच संपला. मग दिव्याचा प्रश्न.

"दिवा का गेला?"

"चढ आहे आबा. चाक हळू फिरतं."

"मग जोरात फिरीव."

"तुम्ही उतरा, मग फिरवते."

आबा उतरायचे. दुखऱ्या गुडघ्याने लंगडत मागून ढकलायचे. चढ संपला की पुन्हा बसायचे, आणि बसताना सायकल अशी हलायची की दोनदा दोघंही गडग्याला जाऊन टेकली. घरातून आणलेला टॉर्च पहिल्या वळणावरच पिवळा पडला. शशीच्या हातमोज्यांत पाणी गेलं. बोटं असून नसल्यासारखी झाली. अर्ध्या तासात जेमतेम एक मैल झाला.

पण आबांचं तोंड थांबलं नाही. वाटेत ते शिकवत होते, जसं कुणी परीक्षेला जाताना उजळणी करून घेतं.

"गाईला म्होरं वरच्या बाजूला दातच नसत्यात. ठाऊक हाय का?"

"नाही."

"नसत्यात. म्होरून चावायची भीती न्हाई. दाढा बाजूला, मागं. तिथं हात न्यायचा न्हाई. जीभ धरायची, एका बाजूला वढायची, आनि हात मधून घालायचा. दुसऱ्यानं भाईरून नरड्यावर दाबत कंद वर सरकवायचा. समजलं?"

"मला कशाला सांगता? तुम्ही करणार आहात ना?"

"मी करनारच की. बोलायला काय जातंय माजं."

मैलाच्या दगडापुढे रस्त्यावर एक मोठं झाड आडवं पडलं होतं. त्याच्याशेजारी कंदील ठेवून गावचा पोलीस उभा होता, बार्कर नावाचा. डोक्यावर टोपी, टोपीवरून पाण्याची धार. त्याने कंदील वर केला आणि आधी शशीकडे, मग कॅरिअरवरच्या आबांकडे बघितलं.

"ह्ये काय? एका सायकलीवर दोघं?"

शशीने गाईचं सांगितलं. बार्करने सगळं ऐकून घेतलं.

"गाईचं वाईट वाटतंय. पर सायकल एका मानसाची असती. कायदाच हाय तसा. आनि असल्या रातीला म्हातारं मागं बसवून नेताना तू पडलीस, तर उद्या डॉक्टरसायबाला मी काय सांगू?"

"काय म्हनतोय?" आबांनी विचारलं.

"म्हणतो डबलसीट चालत नाही."

"चालत न्हाई? आत्ता चालवलीच की आपुन. त्याला म्हनावं, गाय मेल्यावर तुजा कायदा दूध देनार हाय का?"

शशीने ओला हातमोजा ओढून घट्ट केला.

"सांग की."

"ते मी नाही सांगणार, आबा."

"बरं, मग त्याला म्हनावं तू ने मला तुज्या सायकलीवर."

हे तिने सांगितलं. बार्कर हसला नाही. म्हणाला, "मी हितनं हललो आनि अंधारात कुनी मोटारवाला ह्या झाडावर आदळला, तर? सकाळपतुर मला हितंच ऱ्हायचंय. पोरगी सायकल घेऊन जाऊ दे, सायकल मी उचलून देतो पल्याड. म्हातारबाबांना पन हात देतो. पर पल्याड गेल्यावर एकानं चालायचं."

तो चुकीचं काही सांगत नव्हता, म्हणूनच आबांचा जास्त जळफळाट झाला. साठ वर्षांची विद्या हातात होती आणि ती एका झाडापाशी येऊन थांबली होती. त्यांच्या गुडघ्याने पुढचा मैल म्हणजे पाऊण तास. तेवढा वेळ तांबडीकडे नव्हता.

बार्करने सायकल उचलून पलीकडे ठेवली. मग आबांना हाताला धरून फांद्यांमधून काढलं. आबा तिथे उभे राहिले. पागोट्याऐवजी डोक्याला गुंडाळलेल्या मफलरमधून पाणी ठिबकत होतं. शशीचा उजवा हात त्यांनी हातात घेतला, ओला हातमोजा काढला आणि तिची बोटं कंदिलाच्या उजेडात बघितली.

"बारीक हाय हात," ते म्हणाले. "माज्यापरीस बेस जाईल."

"आबा, नाही. मी नाही."

"बाईची बोटं सुजल्याती. ती भाईरनं दाबंल. आत तुलाच घालावा लागंल."

"मला भीती वाटते."

"वाटू दे की. ती गायबी भ्यालीया. तू कोपरापतुर हात घाल, मग बघू भीती कुटं ऱ्हाती ती. जा."

एकटी असल्यावर सायकल हलकी झाली. दिवा लागला. आबा ढकलायला नव्हते, म्हणून शेवटच्या चढावर तिने उतरून सायकल पळवत नेली. एकदा पडली, गुडघा फुटला, मोजा फाटला, उठली.

गोठ्यात मेटकाफबाई तांबडीची मान धरून उभ्या होत्या. त्यांनी दाराकडे बघितलं, शशीच्या मागे बघितलं.

"म्हातारं कुटंय?"

"चालत येतायत. मला सांगितलंय कसं करायचं."

बाईंनी तांबडीची मान आणखी घट्ट धरली. मग म्हणाल्या, "बाही वर कर तर."

तांबडीचं पोट खरंच ढोलासारखं झालं होतं. डोळे बाहेर आले होते. लाळेच्या दोऱ्या पेंढ्यापर्यंत लोंबत होत्या. शशीने श्वास घेतला आणि डाव्या हाताने जीभ धरली. गरम, जाड, खरखरीत जीभ, ओल्या माशासारखी निसटणारी. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तिने फ्रॉकच्या टोकात गुंडाळून धरली आणि बाजूला ओढली.

"भाईरनं वर सरकवा," ती मराठीतच म्हणाली. बाईंना कळलं, कारण दोघींचे हात एकाच कामावर होते.

उजवा हात मधून आत गेला. मनगट, मग अर्धा हात, मग कोपर. आत सगळं गरम आणि घट्ट. बोटांना काहीतरी गुळगुळीत, गोल लागलं आणि सरकलं. बाईंनी सुजल्या हातांनी खालून दाबलं. पुन्हा लागलं. शशीने बोटं त्याच्यामागे नेली, डोळे मिटले आणि ओढलं.

टर्निप बाहेर आला तो तिच्या मुठीएवढा. आणि त्याच्यामागून तांबडीने जो ढेकर दिला, मुलांनो, तो सरळ शशीच्या तोंडावर. आंबलेल्या गवताचा, सगळ्या दिवसाचा. मेटकाफबाई पेंढ्यावर खाली बसल्या आणि सुजल्या हातांनी तोंड झाकून रडल्या. तांबडीचं पोट हळूहळू खाली बसायला लागलं.

बाई म्हणाल्या, चहा करते, शेकोटीशी बस. शशीचे दात वाजत होते. हात कोपरापर्यंत चिकट होता. कुणीही बसलं असतं.

तिने टर्निप कोटाच्या खिशात टाकला आणि सायकल काढली.

उतारावर डायनॅमो कुरकुरत होता आणि दिवा लखलखीत जळत होता. आबा तिला गडग्याला धरून चालताना सापडले. एवढ्या वेळात त्यांचं कसंबसं अर्धं अंतर झालं होतं. तिने टर्निप काढून त्यांच्या हातात दिला. आबांनी तो अंधारात चाचपून बघितला. त्यावर दातांच्या खुणा होत्या. बराच वेळ ते तो हातात फिरवत राहिले.

"पोट बसलं?"

"बसतंय. ढेकर दिला. घाण होता."

"घान असनारच," आबा म्हणाले. "बरं झालं. म्हंजी जगती."

"तुम्ही बघा एकदा तिला. बाई एकट्या आहेत. बसा मागे."

आबांनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. वळणापलीकडे, खूप खाली, झाडाशेजारचा कंदील मिणमिणत होता.

"आनि त्यो?"

शशीने हँडल घट्ट धरलं, एक पाय जमिनीला टेकवला आणि सायकल कॅरिअरच्या बाजूला थोडी कलती केली. आबा बसेपर्यंत ती तशीच थांबली. मग उभी राहून पॅडल मारायला लागली. चढ लागला, चाक मंदावलं, दिवा विझला. ती मारतच राहिली.