सतरा आणि अठरा

छतावर बावीस पिशव्या चढल्या होत्या, तेव्हा ती ऑफिसात बसून वहीतली वजनं संगणकात उतरवत होती. काम रटाळ होतं, पण तिला रटाळ कामं आवडायची. मामा म्हणूनच तिला काटेबाई म्हणत. वजनकाट्यापासून हलायची नाही आणि बोलायचीही काट्यासारखी, मोजून.

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ आणि या कारखान्याचे मिस्त्री. तागाचे तंतू थरावर थर रचायचे, त्यांत वनस्पतींच्या तेलातून केलेली राळ मुरवायची आणि गरम प्रेसमध्ये दाबून फळ्या काढायच्या, हे दोघांचं काम. अशा फळ्यांची अख्खी खोली इथंच जोडून व्हायची आणि ट्रकनं जिथं हवी तिथं जायची. आज पहिल्या खोलीची परीक्षा होती. छतावर वाळूच्या साठ पिशव्या ठेवायच्या, प्रत्येक पंचवीस किलोची, आणि छत किती वाकतं ते मोजायचं. बारा मिलिमीटरपर्यंत पास.

मोजायचा मीटर छताखाली लावला होता आणि मामा आत उभे राहून तो वाचत होते. खरं तर कॅमेऱ्यावरून वाचता आला असता. पण ज्यानं फळी केली त्यानंच पहिल्या भाराखाली उभं राहायचं, ही मामांनी इथं घातलेली रीत. सकाळी तपासनीस बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"मिस्त्री, ही काय सर्कस आहे?"

"बाई, मी उभा राहायला घाबरलो तर दुसऱ्यांनी खाली झोपायचं कशाच्या जिवावर?"

"तीस पिशव्या. एकतिसावीला तुम्ही बाहेर. नाहीतर मी निघाले."

आताही मामांचा आवाज खिडकीतून येत होता. "तेवीस. तीन पूर्णांक सहा."

तिनं पुढची ओळ भरली. फळी सतरा: ताग नऊ किलो सहाशे, राळ पाच किलो चारशे. तयार फळी तेरा किलो सातशे.

तिचा हात थांबला. सोळापर्यंतची प्रत्येक फळी पंधरा किलोच्या आसपास होती. एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर ती जेवायची नाही, असं कामगार म्हणायचे. तेराचा आकडा चुकून पडला असेल म्हणून तिनं खालची ओळ पाहिली. अठरा: तेरा किलो सातशे वीस. एकोणीस पुन्हा पंधरा.

दोन्हींत माल सारखाच घातला होता. मग सव्वा किलो गेलं कुठं? गळलं असतं तर प्रेसखाली थारोळं दिसलं असतं. म्हणजे ते उडून गेलं. आणि त्या प्रेसमध्ये उडून जाण्यासारखं एकच काही असू शकत होतं.

तिनं वरची तारीख पाहिली. मंगळवार. त्या दिवशी ताग वाळवायच्या ओव्हनमध्ये तिच्या चाचणीच्या पट्ट्या होत्या, आणि ताग गाठोड्यातून थेट काट्यावर आला होता. बाहेर हवा दमट. वाळवलाय का, असं मामांनी विचारलंही होतं. ती म्हणाली होती, "वजन बरोबर आहे." काट्यानं तर पाणीसुद्धा तागाच्या भावानं मोजलं होतं. त्या दोन फळ्यांत ताग कमी होता, आणि वाफेनं आत किती पोकळ्या केल्या होत्या ते देवालाच ठाऊक.

तिनं नकाशा ओढला. पंधरा ते वीस: छत. सतरा आणि अठरा बरोबर मधे.

"पंचवीस. चार पूर्णांक एक."

ती धावत सुटली. परांचीवरून सव्विसावी पिशवी वर जात होती. "थांबवा. पिशवी खाली घ्या."

तपासनीस बाईंनी मान वर केली. "कारण?"

"छताच्या दोन फळ्या ओल्या तागाच्या आहेत. चूक माझी आहे. मामा, बाहेर या."

मामा दारापर्यंतही आले नाहीत. "ग्रॅमला ग्रॅम मोजलंय आपण."

"त्यात पाणी होतं. एकेका फळीत सव्वा किलो."

सगळे तिच्याकडे बघत होते. मामांनी वर छताकडे पाहिलं, मग मीटरकडे. "पाच राहिल्यात. तेवढं होऊ दे, मग बघू."

त्यांचा हा सूर तिला ठाऊक होता. या सुरात ते बोलले की आईसुद्धा नाद सोडायची. ती आत गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"तू कशाला कडमडलीस?"

"ज्यानं केली त्यानं उभं राहायचं ना? या दोन मी बिघडवल्या. म्हणजे ही जागा माझी."

"शहाणपणा शिकवू नकोस. हो बाहेर."

"तुम्ही आधी."

मामा काहीतरी जळजळीत बोलणार होते. पण त्यांची नजर मीटरवर गेली आणि तिचीही. नवी पिशवी पडली नव्हती. तरी काटा सरकला होता. चार पूर्णांक तीन. दोघं बघत असतानाच साडेचार झाला.

मामांनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर आणलं.

आत कॅमेरा लावला. बाई म्हणाल्या, इथं थांबवलं तर परीक्षा अपुरी अशी नोंद होईल, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेता येईल. मामा म्हणाले, "चढवा." क्रेननं एकेक पिशवी ठेवली जाऊ लागली. तीस झाल्या, पस्तीस झाल्या. छत्तिसाव्या पिशवीला जाड कापड फाडावं तसा लांबलचक आवाज झाला. मधल्या दोन फळ्या खाली बसल्या आणि आठदहा पिशव्या मीटरच्या जागेवर कोसळल्या. दारातून वाळू बाहेर सांडली. सोळा आणि एकोणीस दोन्ही बाजूंना जागच्या जागी होत्या.

बाईंनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "निकाल मी लिहिलाय. कारण तुम्ही लिहा. मात्र मालातला दोष असेल तर तीन महिने पुन्हा परीक्षा घ्यायला इकडे कुणी फिरकणार नाही. समजून लिहा."

तिनं लिहिलं.

"वाच," मामा म्हणाले.

"ताग न वाळवता वजन केलं. ही चूक माझी."

मामा वाळूकडे बघत होते. "पुढं लिही. त्या मंगळवारी प्रेसच्या कडेनं वाफेची शिट्टी वाजत होती. दोन्ही वेळा. मिस्त्रीनं ऐकली."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "मग थांबवली का नाही?"

"काटेबाई म्हणाली, वजन बरोबर आहे," मामा म्हणाले. "ते नको लिहूस. एवढंच लिही, की ऐकली आणि प्रेस चालू ठेवली."